यामादेराचा नंदादीप

प्रश्न : माझी मुलगी जपानमधील सेन्दाई शहरात नोकरीस आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही पती-पत्नी माझ्या ७४ वर्षांच्या आईला घेऊन तिच्याकडे जाणार आहोत. जवळच्या यामादेरा येथील डोंगरावरील बौद्ध मंदिरात शतकानुशतके तेवणारा दिवा आहे, असे मुलीने कळवल्यापासून आईला त्याच्या दर्शनाची ओढ लागली आहे. परंतु तिचे गुडघे दुखतात आणि तेथे हजारावर पायऱ्या आहेत. तिला न्यावे का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : अवश्य न्यावे. रिश्शाकुजी हे या मंदिराचे मूळ नाव असून, माथ्याजवळच्या ओकुनोइन मंदिरापर्यंत सुमारे १०१५ दगडी पायऱ्या आहेत, हे खरे. परंतु ज्या दिव्याची आपल्या आईंना ओढ आहे, तो पायथ्याजवळच्या कोंपोन चूदो या मुख्य मंदिरात आहे आणि तेथे पोहोचण्यास थोड्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

या दिव्याची हकिकत त्यांना आधीच सांगून ठेवावी. तेंदाई या जपानी बौद्ध पंथाचे भिक्षू एन्निन यांच्या नावाशी जोडलेले हे मंदिर इ. स. ८६० मधील. येथील ज्योत क्योतोजवळच्या हिएई पर्वतावरील एन्र्याकुजी या मूळ मठातून आणलेली होती. पुढे लढाईत यामादेराची राखरांगोळी झाली, तेव्हा १५४३ मध्ये ती पुन्हा तेथूनच आणली गेली. आणि १५७१ मध्ये ओदा नोबुनागा या जपानी सरदाराने एन्र्याकुजी जाळला, तेव्हा मूळ मठाची ज्योत यामादेराहून परत गेली. शेजारणीच्या चुलीतून विस्तव आणून आपली चूल पेटवल्याचे ज्यांना आठवते, त्या पिढीला या देवघेवीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दापोलीकरांनी निघण्यापूर्वी जवळच्या पन्हाळेकाजीची २९ लेणीही पाहावीत, असा माझा आग्रह आहे. तेथील अक्षोभ्य या बुद्धाच्या मूर्ती वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाच्या खुणा आहेत आणि तेंदाई पंथातही तांत्रिक उपासनेची परंपरा आहे, म्हणून हे जपानी मंदिर आपल्याला अगदीच परके वाटणार नाही.

सेन्दाईहून सेन्झान मार्गावरील रेल्वेने यामादेरा साधारण तासाभराच्या अंतरावर असून, स्थानकापासून पायथा चालत जाण्याजोगा आहे. आईंचे दर्शन आधी करावे आणि मग ज्यांना चढायचे असेल त्यांनी गोदाइदो या सज्ज्यासारख्या मंडपापर्यंत जाऊन खालची दरी पाहावी. पाऊस असेल, तर आपल्या शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर घेतो तेवढीच काळजी तेथेही घ्यावी, आणि आईंसोबत कोणीतरी खाली थांबावे.