ट्रक कंपनीचा, जोखीम मुलाची

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा २२ वर्षांचा. कॉम्प्युटर सायन्सची पदवी दुसऱ्या वर्षी सोडून त्याने ट्रकचा क्लास ए परवाना, म्हणजे मोठे ट्रेलर ओढणारे ट्रक चालवायचा परवाना, काढला. आता दोन ठिकाणी काम मिळतंय. स्टॉकटनच्या एका कंपनीत तासावर पगाराची नोकरी, किंवा ओकलंड बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या कंपनीत 'स्वतंत्र कंत्राटदार'. तिथे ट्रक कंपनीच देणार, हप्ते दर आठवड्याच्या कमाईतून कापणार. वडील लिहितात, "निदान ट्रान्सपोर्टचा धंदा आहे असं सांगता येईल. हे घेतलंस तर सुरुवातीचे पैसे मी भरतो, नाहीतर घर सोड, असं बजावलंय. तुम्हीही त्याला समजवा."

नमस्कार.

समजवायचं तर मला तुम्हालाच समजवावं लागेल. तुमचं निम्मं पत्र मंडळाच्या गणपतीत लोक काय विचारतील यावर आहे. मुलाला या कामात काय आवडतं, रात्रीची गाडी त्याला झेपते का, याबद्दल एक ओळही नाही. पदवी सुटल्याचं दुःख मला कळतं. पण चारचौघांत सांगायला बरं दिसावं म्हणून तुम्ही पोराला हप्त्यांत अडकवताय, आणि वर घराबाहेर काढायची भीती घालताय. ती धमकी आजच मागे घ्या. घर जाईल या धास्तीने सही केलेला मुलगा पुढे हप्ता थकला तर तुम्हाला सांगणार नाही. झोप मारून जास्तीची खेप करेल, आणि तीही भरलेला कंटेनर मागे लावून. मला त्याच्या पदवीपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

आता तुमचा गैरसमज. करारावर 'स्वतंत्र कंत्राटदार' लिहिलं की माणूस मालक होतो, असं तुम्ही धरून चाललाय. कॅलिफोर्नियाचा कायदा तसं मानत नाही. डायनामेक्स या कुरिअर कंपनीच्या खटल्यातल्या २०१८ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन कसोट्या घातल्या आणि एबी ५ या कायद्याने १ जानेवारी २०२० पासून त्या व्यापक केल्या. काम करणारा कंपनीच्या ताब्याबाहेर हवा, त्याचं काम कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाबाहेरचं हवं, आणि त्याचा स्वतःचा वेगळा धंदा आधीपासून चालू हवा. तिन्ही गोष्टी कंपनीने सिद्ध करायच्या, नाहीतर तो कर्मचारी. माल वाहणं हाच जिचा धंदा, ती कंपनी माल वाहणाऱ्या ड्रायव्हरबद्दल दुसरी अट कशी पुरी करणार? ट्रक वाहतुकीचे दर, मार्ग आणि सेवा यांवर राज्यांना नियम करू न देणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन ट्रक कंपन्यांची संघटना एबी ५ विरुद्ध कोर्टात गेली होती. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला, म्हणून हा कायदा ट्रकवाल्यांनाही लागू झाला. दोन खरोखर वेगळ्या व्यवसायांनी आपसांत केलेल्या करारांना सूट आहे, पण तिच्या अटी कडक आहेत आणि तुमच्या मुलाकडे त्यातलं काहीच नाही.

कर्मचाऱ्याला किमान वेतन, कामासाठी केलेल्या खर्चाची भरपाई आणि कामावर इजा झाल्यास विमा मिळतो. कंत्राटदार म्हणून डिझेल, दुरुस्ती, विमा सगळं त्याच्या अंगावर, शिवाय १५.३ टक्के स्वयंरोजगार कर. खेपा कंपनी ठरवणार, दर कंपनी ठरवणार, आणि काम सोडलं की ट्रक परत, भरलेले हप्ते बुडाले. शेत मालकाचं, बैल मालकाचे, वैरणीचा खर्च मात्र सालगड्याने करायचा, असा हा व्यवहार आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने जानेवारी २०२५ मध्ये अशा हप्तेबंद योजनांवर बंदीच सुचवली.

खरे स्वतंत्र ट्रकमालकही असतात. जुलै २०२२ मध्ये ओकलंड बंदराची फाटकं अडवून बसलेल्यांत असे पुष्कळ होते. या कायद्याने आपला धंदा जाईल ही त्यांची भीती खरी होती. पण स्वतःचा ट्रक, स्वतःचा वाहतूक परवाना, गिऱ्हाईक निवडायची मोकळीक हे त्यांनी वर्षानुवर्षं राबून मिळवलेलं होतं. तुमच्या मुलाला ते हवं असेल तर वाट स्टॉकटनच्या नोकरीतून जाते. टँकर आणि घातक मालाच्या जादा परीक्षा त्याने नोकरीत असतानाच द्याव्यात. सुरुवातीसाठी काढून ठेवलेले पैसे तसेच राहू द्या; तीन-चार वर्षांनी त्याला स्वतःच्या नावावर ट्रक घ्यावासा वाटला तर तेव्हा द्या.

ओकलंडच्या करारावर सही झालेली नसेल तर करू देऊ नका. झाली असेल तर कामगार कायद्याच्या वकिलाला तो लगेच दाखवा. मुलाला सोबत न्या आणि तिथे त्यालाच बोलू द्या.