डोक्याला गंभीर मार लागल्यावर मेंदूतल्या पाण्यात आयएल-६ खूप वाढलं, म्हणजे इन्फेक्शन झालं का? आणि सूज आहे तर स्टेरॉइड का देत नाहीत?

नुसत्या या आकड्यावरून इन्फेक्शन म्हणता येत नाही. मी न्यूरो आयसीयूत काम करतो. तुमच्या भावाच्या अपघाताला तीनच दिवस झालेत, म्हणून आधी एवढं सांगतो: या दिवसांत हा आकडा वाढलेला असणं अपेक्षितच असतं.

आयएल-६, म्हणजे इंटरल्युकिन-६, हे पेशींनी इजा झाल्यावर सोडलेलं प्रथिन. मेंदूला मार बसला की तिथल्याच मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी काही तासांत ते तयार करू लागतात, जंतू एकही नसला तरी. त्यामुळे सीएसएफमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पाण्यात, त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त सापडू शकतं. रक्तातल्या आकड्याचा अर्थ लावणं आणखी अवघड, कारण मांडीचं हाड मोडलं असेल किंवा छातीला मार असेल, तर तिथूनही आयएल-६ रक्तात उतरतं. सीआरपी, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं दाहाचं प्रथिन, तर यकृतात बनतं, तेही मुख्यतः आयएल-६ च्याच इशाऱ्यावर, आणि इजेनंतर दोन-तीन दिवसांनी सर्वांत वर जातं.

तुम्ही डोक्यातलं पाणी बाहेर काढायला बसवलेल्या नळीबद्दल लिहिलंय. त्या नळीतून येणारं पाणी सुरुवातीला रक्तामुळे गुलाबी दिसतं, पुढे रक्त विरघळलं की पिवळसर होतं. मोठ्या माणसात रोज अर्धा लिटरच्या आसपास सीएसएफ तयार होतं, त्यामुळे पिशवीत साठलेलं पाहून घाबरू नका. मात्र नमुन्यासाठी नळी जितक्या वेळा उघडावी तितका जंतू शिरायचा धोका वाढतो. डॉक्टर रोज तपासणी करत नसतील तर तो हलगर्जीपणा नव्हे.

इन्फेक्शनची शंका आम्हाला येते ती उतरत चाललेला आकडा पुन्हा चढला तर, पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या मानाने खाली गेली तर, किंवा मिसळलेल्या रक्ताच्या हिशोबापेक्षा पांढऱ्या पेशी जास्त निघाल्या तर. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातून जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू वाढला तर शंकाच उरत नाही. ताप एकटा फारसं सांगत नाही, मेंदूच्या इजेनेही तो येतो.

आता स्टेरॉइड. सूज आहे तर ती दाबावी, हा विचार पूर्वी डॉक्टरांनाही पटायचा आणि कित्येक वर्षं ती औषधं दिलीही गेली. मग ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत १०,००० हून अधिक रुग्णांवर मिथाइलप्रेडनिसोलोन तपासलं गेलं. २००४ साली निकाल आला: दोन आठवड्यांत औषध मिळालेल्यांपैकी सुमारे २१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के. या फरकामागे किती घरं आहेत याचा विचार केला की अंगावर काटा येतो. शिवाय ही दाहाची प्रक्रिया सरसकट वाईटही नाही. मेलेल्या पेशींचा कचरा तीच साफ करते, आणि प्रयोगांमध्ये आयएल-६ चा चेतापेशी जगवण्यातही हात दिसला आहे. म्हणून गंभीर मारात सूज उतरवायला आम्ही स्टेरॉइड देत नाही.

आयएल-६ च्या एका रिपोर्टवरून भाऊ शुद्धीवर येईल की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. उद्या डॉक्टर भेटले की त्यांना विचारा: डोक्यातला दाब आटोक्यात आहे का, दोन्ही बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात का, झोपेचं औषध कमी केल्यावर तो हातपाय कसे हलवतो, आणि कल्चरचा रिपोर्ट कधी येणार.