‘पेड’ म्हणजे पाय की पोर?

दादरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. लेक परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करते आहे. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर पाहून तिनं ‘पेड म्हणजे पाय’ असं ठरवून टाकलं आणि पीडियाट्रिशियनपाशी गाडी अडली. बालरोगतज्ज्ञाचा पायाशी काय संबंध?

काहीच नाही. इथे दोन वेगळी घराणी एकाच आडनावानं वावरतायत. एक लॅटिन: ‘पेस’, त्याचं षष्ठीचं रूप ‘पेडिस’, म्हणजे पाय. आपला ‘पाद’ याच्याच भावकीतला. ‘इम्पीड’ म्हणजे अडवणं, मुळात पाय अडकवणं. ‘एक्स्पेडाइट’ म्हणजे ते पाय मोकळे करणं, म्हणून रखडलेलं काम मार्गी लावणं. ही जोडी एकत्रच पाठ करावी.

दुसरं घराणं ग्रीक: ‘पाइस’, ‘पाइडोस’, म्हणजे मूल. पीडियाट्रिशियन यातला. पेडॅगॉगही यातलाच, हा मूळचा मास्तर नव्हे, मालकाच्या पोराला शाळेत नेणारा गुलाम.

ओळखायचं कसं? ब्रिटिश स्पेलिंग पाहा. पोराच्या घराण्यात पी नंतर ए-ई येतं. अमेरिकनांनी त्यातला ए गाळला आणि घोळ वाढवला. मुंबईत दवाखान्यांच्या पाट्यांवर दोन्ही तऱ्हा दिसतात. पेडॅगॉजीनं, म्हणजे शिकवण्याच्या शास्त्रानं, मात्र तो ए इंग्लंडातही बहुतेक टाकलाच आहे, त्यामुळे ही खूण डोळे मिटून वापरू नये.

खरी गंमत ऑर्थोपीडिकची, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांच्या शब्दाची. परळला केईएम रुग्णालयाच्या ‘ऑर्थो’ विभागात प्लास्टर घातलेले पाय पाहिले की वाटणारच, हा शब्द पायाचा! पण नाही. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानं १७४१ मध्ये ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पाइडिऑन’ म्हणजे लहान मूल यांवरून तो घडवला. मुलांच्या शरीरातली व्यंगं टाळणं आणि सुधारणं हा त्याच्या पुस्तकाचा विषय होता. आज तिथे गुडघे धरून आजी-आजोबा बसलेले असतात, पण शब्द अजून पोरांचाच आहे.

परीक्षेत हमखास फसवणारा अर्थ पेडेस्ट्रियनचा. नाम असेल तर पादचारी. विशेषण म्हणून आला की बहुतेकदा रटाळ, सपक. ‘पेडेस्ट्रियन’ भाषण म्हणजे चालता चालता केलेलं नव्हे. पायी चालणारं ते गद्य, ही लॅटिनची जुनी समजूत, म्हणून सपक. आपल्याकडे उलट, पाय पद्याला: अभंगाला चरण असतात, आणि गायचं ते पद.

पेडिग्री पायाचीच, पण करकोच्याच्या. वंशावळीत फाटे दाखवायच्या खुणेला फ्रेंच लोक ‘करकोच्याचा पाय’ म्हणत.

पेडलर, म्हणजे दारोदार माल विकणारा, दिवसभर पायपीट करत असला तरी या घरचा नाही. त्याचं नातं टोपलीसाठीच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाशी लावतात. आणि पेडर रोडवर पाय आणि पोरं दोन्ही दिसली, तरी ते एका साहेबाचं आडनाव आहे. तिथे काही शोधायला जाऊ नका.