स्क्रिप्ट बंद केली, तरी पान पळतंय

प्रश्न : ताई, नमस्कार. चाकूर तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म अशी कामं चालतात. सकाळी शटर उघडलं की आधी सोयाबीनचा भाव बघतो, कारण बाकड्यावर येऊन बसलेले लोक पहिलं तेच विचारतात. भावाच्या एका साइटवर जाहिरातींचा फार त्रास व्हायचा, म्हणून भाच्यानं फायरफॉक्समध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्राम, पूर्ण बंद करून दिली. सरकारी कामं क्रोमवर करतो, तिथं काहीच बंद केलेलं नाही. आता फायरफॉक्समध्ये ते पान उघडलं की भावाचा तक्ता दिसतो, मी मनात चारपर्यंत मोजतो, आणि पान आपोआप रमीच्या जाहिरातीवर जातं. क्रोममध्ये तेच पान जागचं हलत नाही. बाकीच्या साइटी दोन्हीकडं नीट उघडतात. भाचा म्हणतो व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारू. मारू का? आणि स्क्रिप्ट बंद असताना पान पळतंच कसं?

उत्तर : भाऊ, फॉरमॅट मारू नका. तुमचा संगणक चांगला आहे. तुम्ही चारपर्यंत मोजलंत आणि क्रोममध्येही उघडून बघितलंत, त्यामुळं माझं निम्मं काम झालं.

कंट्रोल धरून यू दाबा आणि पानामागचा जो मजकूर दिसेल तो जसाच्या तसा पाठवा, असं मी तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही पाठवलात. त्यात अगदी वरच, अकराव्या ओळीत, ‘नोस्क्रिप्ट’ नावाचा टॅग आहे. त्याच्या पोटात एकच ओळ : मेटा, रिफ्रेश, पुढं ४ हा आकडा, आणि त्यापुढं रमीवाल्यांचा पत्ता. तुम्ही मोजलेले चार ते हेच.

नोस्क्रिप्ट म्हणजे ‘स्क्रिप्ट चालत नसेल तरच हे वाच’ अशी ब्राउझरला केलेली सूचना. तिचा मूळ उपयोग साधा आहे. ज्याच्याकडं स्क्रिप्ट चालत नाही त्याला निदान दोन ओळी वाचायला मिळाव्यात, किंवा साध्या पानाकडं पाठवता यावं. या साइटवाल्यानं तीच सोय जाहिरातीसाठी वापरली. क्रोममध्ये स्क्रिप्ट चालू असल्यानं ती ओळ वाचलीच जात नाही. फायरफॉक्समध्ये बंद, म्हणून ती वाचली जाते. म्हणजे तुम्ही स्क्रिप्ट बंद केलीत म्हणूनच पान पळतंय. जाहिरातींना कंटाळून ज्यानं दार लावून घेतलं, त्यालाच नेमकं गाठायचं, हे मला अजिबात पटत नाही.

मेटा रिफ्रेश ही स्क्रिप्ट नाही. एचटीएमएल म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात ती, तिच्यातली ती नुसती एक ओळ आहे, ‘इतक्या सेकंदांनी अमुक पत्त्यावर जा’ असं सांगणारी, आणि ब्राउझर ती निमूटपणे पाळतो. तहसीलमध्ये खोलीत शिरल्यावर भिंतीवर कागद चिकटवलेला असतो ना, ‘उत्पन्नाचे दाखले खिडकी क्र. ४ वर’, तसं. कुणी हाताला धरून नेत नाही, आपणच आपल्या पायांनी जातो.

स्क्रिप्टशिवाय पान पळवायचा हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात तर आपण खोलीत शिरतच नाही, दाराबाहेरच चिठ्ठी हातात पडते. ब्राउझरनं पान मागितलं की सर्व्हर, म्हणजे साइट जिथं ठेवलेली असते तो संगणक, पानाऐवजी एक आकडा आणि नवा पत्ता पाठवतो. ३०१ म्हणजे कायमचं बिऱ्हाड हलवलं, ३०२ म्हणजे तात्पुरतं. ३०३, ३०७, ३०८ ही त्यांचीच भावंडं. यात एचटीएमएलसुद्धा लागत नाही, मग स्क्रिप्ट कुठून येणार? ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्या नियमांचा, एचटीटीपी १.० चा, मसुदा १९९६ साली छापून निघाला, त्यातच ३०१ आणि ३०२ आहेत. हे आकडे ब्राउझरनं पाळलेच नाहीत तर सरकारी पोर्टलवरचं लॉगिन, बँकेचं पेमेंट, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आखूड लिंका, सगळं ठप्प होईल. फायरफॉक्स एवढंच बघतो की साखळी फार लांबली तर, साधारण वीस उड्यांनंतर, थांबायचं आणि पान नीट वळत नाही असा निरोप दाखवायचा.

तिसराही एक प्रकार तुमच्या त्या साइटवर आहे, तो तुम्ही लिहिला नाहीत, पण मजकुरात मला दिसला. भावाच्या तक्त्यावर एक पारदर्शक लिंक पसरून ठेवली आहे. ‘लातूर’वर बोट ठेवायला गेलात तरी दाबली जाते ती लिंक. ही सगळी करामत नुसत्या सीएसएसची, म्हणजे पानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणाऱ्या भाषेची.

लातूरकरांना गोलाई सांगायला नको. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातला एक बांबू टाकून अडवला म्हणून गर्दी थांबत नाही, ती शेजारच्या रस्त्यानं निघते. जावास्क्रिप्ट हा त्यातला सगळ्यात रुंद रस्ता, तो तुम्ही अडवलात, ठीक केलंत. आता मेटा रिफ्रेशचा अडवू. भाच्यानं स्क्रिप्ट बंद करायला फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ लिहिलं असणार. तेच परत उघडा, शोधायच्या चौकटीत ‘ब्लॉकऑटोरिफ्रेश’ हा शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता लिहा. एकच ओळ येईल, तिच्यापुढं फॉल्स असेल, त्याचं ट्रू करा. मग पान पळायला बघेल तेव्हा वरती पट्टी येईल की फायरफॉक्सनं या पानाला दुसरीकडं जाण्यापासून थांबवलं, शेजारी परवानगीचं बटण. ते दाबायचं नाही, बस्स. एखाद्या चांगल्या साइटवरही ही पट्टी दिसेल, तिथं दाबा. ३०२ वाली उडी मात्र यानं थांबत नाही.

ती उडी नुसती बघायची असेल तर एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’मध्ये जा, चाकाच्या चिन्हातून ‘परसिस्ट लॉग्स’वर खूण करा, मग लिंक उघडा. कुठून कुठं गेलो ते एकाखाली एक दिसतं, आकड्यांसकट. भाच्याला हे एकदा जवळ बसवून दाखवा, त्याला हात आहे या कामाचा.

फॉरमॅटबद्दल थोडं मनातलं. मी संगणकाचे वर्ग घेते. एकदा वर्गातल्या सगळ्या संगणकांवर एकाच आठवड्यात भलतीच पानं उघडायला लागली. मीही व्हायरसच म्हटलं आणि ओळीनं तीन संगणक फॉरमॅट केले. तिसऱ्यावर एका मुलीचा महिनाभराचा प्रोजेक्ट होता, तो गेला. ती काही बोलली नाही, वही उघडून पहिल्यापासून टाइप करायला बसली. दोष निघाला राउटरमध्ये. कंपनीनं दिलेला पासवर्ड मी कधी बदललाच नव्हता आणि कुणीतरी आत शिरून डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा त्याचे, आकडे बदलून ठेवले होते. राउटर बाजूला ठेवून मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून मी आधी तीन गोष्टी विचारते : एकच साइट पळते की सगळ्या? एकाच ब्राउझरमध्ये की सगळीकडं? हॉटस्पॉटवरही पळते का? तुमच्याकडं एकच साइट, एकच ब्राउझर. मग संगणकावर का राग काढायचा?

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. तुमच्या केंद्रात लोक आधार, बँक पासबुक, सातबारा तुमच्या हातात देतात. खरिपाच्या विम्याची मुदत जवळ आली की रांग बाहेरपर्यंत जाते आणि हात यंत्रासारखा चालतो. अशा वेळी पान कुठून कुठं गेलं हे सगळं अडवता येत नाही, पण कुठं पोचलं ते दिसतं. आधार क्रमांक टाकण्याआधी पत्त्याच्या पट्टीत पहिल्या एकेरी तिरप्या रेषेपर्यंत या आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडं वाचा. पीकविम्याचा पत्ता तिथं ‘जीओव्ही डॉट इन’नंच संपला पाहिजे. ‘जीओव्ही डॉट इन’ मधे कुठंतरी आहे आणि शेवटी डॉट कॉम किंवा भलतंच काही आहे, तर ते पान सरकारचं नाही. समोर माणूस कितीही घाई करत असू दे, टॅब बंद करा.

आणि त्या साइटचा नाद सोडा. भावासाठी राज्य कृषी पणन मंडळाची साइट आहे, तिथं शेतमाल निवडला की बाजार समितीवार आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर क्विंटलमध्ये मिळतात. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवरही मिळतात. हे क्रोममध्येच उघडा, तिथं स्क्रिप्ट चालू आहे. सकाळी लवकर बघाल तेव्हा वरची तारीख वाचून मगच बाकड्यावरच्यांना भाव सांगा, कारण त्या दिवशीचा सौदा व्हायच्या आधी तिथं आदल्या दिवशीचेच आकडे असतात.