डीसीएम टोयोटा ट्रकच्या मागच्या ब्रेकचे सिलिंडर, शू मिळत नाहीत. टाटा ४०७चे बसतील का?

बसतील. बॅकप्लेटचं, म्हणजे सिलिंडर ज्या पत्र्यावर बसतो त्याचं, भोक थोडं वाढवलं, बोल्ट बदलला की कोणत्याही गाडीचा सिलिंडर कोणत्याही गाडीला बसतो. पण बसवू नका. मी आर्वीकडे लेथ चालवतो. तुमच्या प्रश्नात शेवटी आहे ना, 'मिस्त्री म्हणतात तोवर त्या चाकाची ब्रेक ऑइलची लाइन बंद करून चालवा', ते वाचून राहवलं नाही.

आमच्या मोठ्या साडूभाऊंकडे हीच गाडी होती. दिल्ली क्लॉथ मिल्स, म्हणजे कापडवाल्यांनी टोयोटासोबत ऐंशीच्या दशकात हे ट्रक काढले. नव्वदच्या दशकात कारखाना देवूकडे गेला, तिथून सिएलो निघायला लागली आणि ट्रकचं सामान हळूहळू दुकानांतून दिसेनासं झालं. गाडी मात्र दणकट, हे साडूभाऊंचं म्हणणं मलाही मान्य आहे. बाकी त्यांचं काहीच मान्य नाही.

तेव्हा ते संत्री भरून नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचे आणि येताना खताची पोती आणायचे. डाव्या मागच्या टायरला आतून ओला पट्टा दिसायला लागला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा सिलिंडर गळत होता. मी म्हटलं, भाऊ, खोलून द्या, आतून स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, टाकून देतो. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा हंगाम, गाडी उभी ठेवली की भाडं गेलं. त्यांनी एका मिस्त्रीकडून त्या चाकाच्या ब्रेक पाइपाच्या तोंडात छर्रा टाकून नट आवळून घेतला. वर मलाच ऐकवलं, "लेथवाल्याले सगळीकडे लेथचंच काम दिसते. समोरचे दोन अन् मागचा एक, तीन लागतेत ना! बैलबंडीले त एकबी नसते."

सपाट रस्त्यानं नागपूर झालं. येताना खत भरलेलं. सत्याग्रही घाटात उतारावर पुढची एसटी एकदम हळू झाली, यांनी ब्रेक दाबला. मागचं उजवं चाक धरलं, डावं मोकळंच पळालं, आणि गाडीचं तोंड उजवीकडे फिरलं. रस्ता तेव्हा चौपदरी नव्हता. समोरच्यानं आपली गाडी खाली घातली म्हणून माणसं वाचली, नुकसान दिव्याचं आणि पोत्यांचं. क्लीनर पोरगा सांगत होता, उजव्या ड्रमवर, म्हणजे शू ज्याला आतून घासतात त्या भांड्यावर, पाणी मारलं तर चर्रकन वाजलं आणि डावा थंडगार. (तेही करू नये. बीडाचा ड्रम तापलेला असताना पाणी पडलं तर तडकतो.) साडूभाऊ आजही लग्नाच्या पंगतीत सांगतात की रस्त्यावर डिझेल सांडलेलं होतं. छर्रा मी काढून ठेवलेला आहे, कोणाला पाहायचा असेल तर दुकानात या.

आता तुमचं. दुसऱ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये घोळ मापाचा असतो. ब्रेक ऑइलचा दाब तोच राहतो, पण शूवर पडणारा जोर सिलिंडरच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो. एक इंचाच्या जागी एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लावला तर दिसायला फरक एका सुताचा, जोर मात्र सव्वापटीच्या वर जातो. एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला असा लावला तर गाडी ओढणारच. दोन्ही बाजूंना लावला तर मागची चाकं समोरच्यांच्या आधी जाम होऊ शकतात, रिकाम्या गाडीला तर हमखास.

त्यापेक्षा जुनाच सिलिंडर वाचवा. पिस्टन काढून आत नख फिरवा. गुळगुळीत असेल तर नुसतं होनिंग, म्हणजे आतून बारीक घासकाम, करून नवे रबर कप टाका. नख अडकलं तर तो पाण्याचा खड्डा, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आतून गंज धरतो. मग बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, मोठा करून स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह दाबून बसवायची आणि परत मूळ मापावर आणायची. मूळ माप राहिलं की रबर कपासाठी डीसीएम लिहिलेलं किटच पाहिजे असं नाही. कप बोअरच्या मापावर मिळतात, जुना कप सोबत न्या. रबर पेट्रोल-डिझेलमध्ये धुऊ नका, फुगतं. ब्रेक ऑइलमध्येच धुवा.

शूचा सांगाडा भंगारात देऊ नका, तीच खरी न मिळणारी वस्तू आहे. लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे पट्टे, मापाचे कापून, भोकं पाडून रिव्हेट मारता येतात. रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत खोल बसलं पाहिजे, नाहीतर ड्रमला चर पाडतं. ड्रमला लेथवर कट मारलात तर दोन्ही बाजूंना सारखाच मारा, आणि ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचं माप ओतलेलं असेल तर त्याच्या पुढे जाऊ नका. कट मारलेल्या ड्रममध्ये नवा शू मधेच टेकतो. मी लायनरवर खडू फासून ड्रम आत फिरवतो. मधलाच खडू पुसला आणि टोकांचा पांढरा राहिला की तिथे परत घासकाम. पूर्ण पुसला जाईपर्यंत मी शू हातातून सोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो. साडूभाऊ याला वेळकाढूपणा म्हणतात.

तडा आरपार असलेला ड्रम वेल्डिंग करून आणू नका, कोणी करून दिला तरी. जुन्या लायनरच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. चाकातलं ग्रीस अडवणारं हब सील गळत असेल तर ते आधी बदला, ग्रीस प्यालेला लायनर जाळून कामाचा होत नाही.

नवे सिलिंडर कुठे मिळतील हे विचारलंत. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत जुने मिस्त्री आहेत, त्यांना विचारून पाहा. पण खोक्यात वर्षानुवर्षं पडलेल्या सिलिंडरचं रबर कडक झालेलं असतं, नवा म्हणून तसाच चढवू नका. मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलकडच्या मुख्य सिलिंडरला, मी स्लीव्ह टाकत नाही, त्यासाठी दुसरा माणूस बघा. आणि माझ्याकडे आलात तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर घेऊन या, एकाच बाजूचं काम मी घेत नाही.