स्त्रीसौंदर्याच्या कल्पना काळानुसार का बदलतात?

स्त्रीसौंदर्याचे निकष खरोखर बदलतात का आणि बदलत असतील तर कशामुळे, असा हा प्रश्न आहे. ते बदलतात, आणि त्यामागे निसर्गापेक्षा प्रतिष्ठेचा हात अधिक असतो, असे माझे मत आहे.

युरोपात बहुसंख्य स्त्रिया शेतात राबत होत्या, तोवर उन्हाचा स्पर्शही न झालेली त्वचा ही सुखवस्तूपणाची खूण होती, आणि सोळाव्या शतकातील उच्चवर्गीय स्त्रिया त्यासाठी शिशाचा विषारी पांढरा लेप चेहऱ्याला लावत. पुढे श्रम कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या छपराखाली गेले, तेव्हा १९२० च्या दशकात उन्हाने तांबूस झालेली कांती हीच ऐपतीचे लक्षण ठरली.

जपानमध्ये तर विवाहित स्त्रिया दात काळे करत. लोखंडाचे तुकडे व्हिनेगरसारख्या आंबट द्रवात मुरवून केलेले उग्र वासाचे द्रावण आणि तुरट वनस्पतिजन्य पूड दातांवर लावली जाई, आणि रंग टिकावा म्हणून हा खटाटोप वरचेवर करावा लागे (त्यामुळे दात किडण्यापासून वाचत, ही गोष्ट वेगळी). १८७३ मध्ये सम्राज्ञी स्वतः पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आल्या आणि ही प्रथा ओसरू लागली.

बांध्याबाबत सतराव्या शतकातील युरोपीय चित्रकार रुबेन्सच्या चित्रांतील भरदार स्त्रिया आणि १९६६ मध्ये प्रसिद्धीस आलेली काटकुळी मॉडेल ट्विगी यांची तुलना पुरेशी बोलकी आहे. अन्न दुर्मिळ असताना भरदार बांधा ऐपतीची खूण ठरतो आणि सुबत्तेत सडपातळपणा, असे म्हणता येईल. मात्र हा बदल केवळ अन्नाच्या सुबत्तेमुळे झाला असे म्हणणे अपुरे ठरेल, कारण तयार कपड्यांची बाजारपेठ आणि फॅशनची नियतकालिके यांचाही त्यात मोठा वाटा आहे.