आधी कान, मग अलंकार

पुणे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही वाचली. तीन इंग्रजी कवितांची रसग्रहणं लिहिली आहेस आणि तिन्हींत एक वाक्य जसंच्या तसं आहे: कवीने सोप्या व सुंदर भाषेत आपले विचार मांडले आहेत. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या कुठल्याही गाइडमध्ये हे वाक्य सापडेल. ते खोड. कवितेचं नाव झाकून बघायचं. वाक्य दुसऱ्या कवितेलाही तितकंच चपखल बसत असेल, तर ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही.

मराठीच्या पेपरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक सौंदर्य धरून तू रसग्रहण लिहितेसच. इंग्रजीच्या पाच गुणांच्या प्रश्नात काम तेच असतं, मुद्द्यांची नावं तेवढी निराळी: शीर्षक, कवी, राइम स्कीम (यमकांची रचना), फिगर्स ऑफ स्पीच (अलंकार), मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ. मुलं याच क्रमानं कविता वाचायला घेतात आणि तिथेच घोटाळा होतो. हा उत्तर लिहिण्याचा क्रम आहे. वाचण्याचा क्रम अगदी वेगळा आहे.

आधी कविता दोनदा मोठ्यानं वाच, हातात पेन्सिल न घेता. ओळ संपली म्हणून थांबू नकोस. स्वल्पविराम, पूर्णविराम असेल तिथेच थांब. ओळ संपते आणि वाक्य पुढे जातं अशा जागी बहुतेक जण अडखळतात आणि अर्थाचे तुकडे होतात. मोठ्यानं वाचण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही. 1923 साली आपल्या पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं आणि त्या कवींनी काव्यगायनाची गोडी घरोघरी नेली, ती कविता कानानं घ्यायची असते म्हणूनच.

त्याच 1923 साली रॉबर्ट फ्रॉस्टची ‘स्टॉपिंग बाय वूड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ ही कविता छापून आली. तीच उदाहरणाला घेऊ. पहिल्या कडव्याची राइम स्कीम तू ए-बी-सी-ए लिहिली आहेस, कारण ‘know’ आणि ‘though’ यांचं स्पेलिंग वेगळं दिसलं. ज्या ओळींचं यमक जुळतं त्यांना एकच अक्षर द्यायचं असतं, आणि इंग्रजी यमक स्पेलिंगवर ठरत नाही. यावर तुझ्याकडे नामी साधन आहे, ते म्हणजे देवनागरी. ओळींचे शेवटचे शब्द उच्चाराप्रमाणे समासात लिही: नो, दो, हिअर, स्नो. आता दिसलं? ए-ए-बी-ए. उलट बाजूनं, ‘होम’ आणि ‘कम’ यांची स्पेलिंगं सारखी संपतात, पण देवनागरीत लिहिताच ती जुळत नाहीत हे कळतं. एक अपवाद मात्र ध्यानात ठेव. जुन्या कवितांत कधी कधी डोळ्यापुरतं यमक असतं. ब्लेकच्या वाघावरच्या कवितेत ‘आय’ आणि ‘सिमेट्री’ जोडीनं येतात. बाकीच्या सगळ्या जोड्या नीट जुळत असतील आणि एकच अडत असेल, तर तिलाही तेच अक्षर द्यायचं.

अक्षरं लावून थांबलीस तर अर्धंच काम झालं. फ्रॉस्टच्या दुसऱ्या कडव्यात क्विअर, निअर, लेक, यिअर आहे. म्हणजे पहिल्या कडव्यातली एकटी पडलेली ‘हिअर’ची ओळ दुसऱ्या कडव्याचं मुख्य यमक झाली. ‘लेक’ तिसऱ्याचं झालं, तिसऱ्यातलं ‘स्वीप’ चौथ्याचं. प्रत्येक कडवं पुढच्या कडव्याला हात देतं, वाट चालूच राहते. चौथ्यात डीप, कीप, स्लीप, स्लीप, चारही ओळी एकाच यमकावर. पुढे न्यायला काही उरत नाही आणि शेवटची ओळ तीच पुन्हा येते. अजून मैलोगणती जायचंय असं म्हणणारा प्रवासी आणि तिथेच घोटाळणारा आवाज, ही ओढाताण यमकातच आहे. राइम स्कीमच्या मुद्द्याखाली हे एक वाक्य लिहिलंस, की ते फक्त त्याच कवितेचं वाक्य होतं.

ताल ओळखताना देवनागरी उपयोगी पडत नाही. आपल्या वृत्तांत लघु-गुरू मोजतात, इंग्रजीत आघात मोजतात. ‘हूज वूड्स दीज आर आय थिंक आय नो’ ही ओळ टेबलावर बोट आपटत म्हण. बोट वूड्स, आर, थिंक, नो यांवर पडतं. आठ अक्षरं, चार आघात, कानाला लगा-लगा-लगा-लगा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू). पण ‘दीज’मधला ई दीर्घ असूनही त्यावर आघात नाही, आणि ‘थिंक’मध्ये इ ऱ्हस्व असूनही आहे. मराठी बोलताना आपण अक्षरांवर जवळपास सारखाच भार देतो, म्हणून सुरुवातीला हे ऐकूच येत नाही. आठवडाभर रोज चार ओळी वाजवून बघ.

मग अन्वय लाव. संस्कृतच्या तासाला श्लोकाचा लावतेस तसाच. कर्ता शोध, क्रियापद शोध आणि ओळ साध्या गद्यात मांड. हीच फ्रॉस्टची ओळ गद्यात ‘आय थिंक आय नो हूज वूड्स दीज आर’ अशी होते. कवीनं क्रम उलटला, म्हणून इन्व्हर्जन. मराठी मुलांच्या नजरेतून हा अलंकार हमखास सुटतो, कारण ‘आलास तू’, ‘पाहिलं मी’ आपण रोजच म्हणतो आणि शब्दांची उलटापालट आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत ती खटकते. त्या क्रमामुळे कवितेत पहिला शब्द ‘मी’ येत नाही, रान आधी येतं.

अलंकारांची नावं तुला येतात: सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती. तुझ्या वहीत दोन चुका मात्र पुन्हा पुन्हा होतात. ‘ॲज’ दिसलं की तू सिमिली लिहितेस. ‘ॲज आय वॉक्ड’ म्हणजे ‘मी चालत असताना’, तिथे कुठलीच तुलना नाही. दुसरी चूक अलिटरेशनमध्ये, म्हणजे अनुप्रासात. ‘नाइट’ म्हणजे सरदार आणि ‘किंग’ या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर के आहे म्हणून तो अनुप्रास होत नाही. पहिला ध्वनी देवनागरीत लिहून बघ, न आणि क.

अलंकार सापडला की तो काढून टाक किंवा बदल, आणि काय बिघडतं ते बघ. कवीही हेच करतात. वर्डस्वर्थच्या डॅफोडिल्सवरच्या कवितेत 1807 साली छापताना ती फुलं ‘डान्सिंग’ होती. 1815च्या आवृत्तीत त्यानं तिथे ‘गोल्डन’ घातलं. का केलं असेल? एक कारण तुलाही सापडेल: नाच त्याच कडव्याच्या शेवटी येतो. तो चौथ्या ओळीतच सांगून टाकला तर शेवटी नवीन काय उरणार? आता आधी रंग दिसतो, मग हालचाल. उत्तरात असं एक कारण लिहिलंस, तर अलंकारांच्या पाच नावांपेक्षा ते मोलाचं आहे. दोन अलंकार पुरेत, पण प्रत्येकासोबत ओळ आणि तिचा परिणाम हवा.

याच कवितेत बोलणारा स्वतःला ढगासारखा एकटा म्हणतो. प्रत्यक्षात 15 एप्रिल 1802 रोजी ती फुलं पाहिली तेव्हा बहीण डोरोथी सोबत होती. तिच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद आहे. म्हणून उत्तरात ‘कवी एकटा फिरत होता’ असं न लिहिता ‘स्पीकर’ म्हण.

मध्यवर्ती कल्पना आणि सारांश यांत तुझी सर्वांत जास्त गल्लत होते. ‘डॅफोडिल्स’ हा विषय झाला. ‘निसर्ग सुंदर आहे’ हे शेकडो कवितांना लागू पडेल. काळ बघ: पहिली तीन कडवी भूतकाळात आहेत, चौथं वर्तमानकाळात येतं. पाहिलेलं दृश्य पुढे एकांतात आठवणीतून परत येतं आणि मन भरून टाकतं, हा खरा गाभा. तो एकाच वाक्यात लिही, आणि त्या वाक्यात क्रियापद असू दे.

आवडलेली ओळ लिहिताना ती उद्धृत कर आणि तिच्यातला नेमका कोणता शब्द धरून ठेवतो ते सांग. ‘ही ओळ प्रेरणादायी आहे’ यावर गुण का मिळावेत? परीक्षेत या प्रश्नाला पंधरा मिनिटांहून जास्त देऊ नकोस. त्यातली पहिली चार नुसतं मनात वाचायला ठेव.

आता तुझ्यासाठी काम. रवींद्रनाथांच्या 1912च्या इंग्रजी ‘गीतांजली’तली ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’ घे. ‘व्हेअर’नं सात ओळी सुरू होतात, पण मुख्य क्रियापद शोधत जाशील तेव्हा थेट शेवटच्या ओळीत पोचशील. इतका वेळ वाचणाऱ्याला का थांबवून ठेवलं आहे, ते लिही. ‘ड्रिअरी डेझर्ट’ आणि ‘डेड हॅबिट’ असलेली ओळ मोठ्यानं वाच आणि ड किती वेळा आपटतो ते मोज. यमक या कवितेत नाही, ती मुक्तछंदात आहे. तेव्हा राइम स्कीमपुढे ओढूनताणून ए-बी-सी-डी लिहू नकोस. यमक नसताना कविता कशानं बांधलेली राहते, ते त्या जागी लिही. रविवारपर्यंत वही पाठव. मी तोच मुद्दा आधी वाचेन.

तुझा,
काका